‘बरं हाय’नंतरची शांतता

आमच्या भागात माणसाला ‘कसं काय’ विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘बरं हाय.’ तापाने फणफणलेला तेच सांगतो आणि कालच नोकरी लागलेलाही. म्हणून नैराश्याची मुलाखत घ्यायला शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मी पहिली गोष्ट हीच सांगत असे. ‘बरं हाय’ ऐकले की लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळायचे नाही. गप्प बसायचे. खरे उत्तर त्या शांततेत येते.

नांदेडच्या एका रुग्णालयात मी बायपोलर आजारातल्या नैराश्यावरच्या दोन औषधांची तुलना करणारा अभ्यास चालवते. दोन्ही औषधे पूर्वीपासून वापरात आहेत. अधिक उपयोगी कोणते पडते, एवढाच प्रश्न आहे. कॅप्सूल दिसायला सारख्या. कोणाला कोणते औषध मिळते ते रुग्णाला ठाऊक नसते, मलाही नसते. दर भेटीत मी नेमून दिलेले प्रश्न विचारते. मुलाखत ध्वनिमुद्रित होते आणि लातूरचे डॉ. शिवशंकर ती ऐकून स्वतंत्रपणे गुण देतात. गुण जितके जास्त, तितके नैराश्य गाढ. आमच्या गुणांत फारसा फरक कधी पडत नसे.

तारामती लोह्याची. घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. आजाराने तिची कितीतरी वर्षे खाल्ली होती. पुन्हा रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर मुलीला उदगीरला नणंदेकडे ठेवायचे, असे घरात ठरून गेले होते. अभ्यासातल्या औषधाने मात्र ती हळूहळू उभी राहिली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती आली तेव्हा तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या ताज्या खुणा होत्या, आणि त्या ती कौतुकाने दाखवीत होती.

ध्वनिमुद्रणात घरघर येऊ नये म्हणून आम्ही कूलर बंद करतो. खोलीत वाळ्याचा ओला वास उरतो आणि उकाडा वाढत जातो.

“मन कसं आहे, ताराबाई?”

“बरं हाय.”

मी थांबले. तीही थांबली, माझ्याकडे पाहून हसली. मी पुढे गेले. झोप, भूक, कामातला रस, मरणाचे विचार. प्रत्येक वेळी तिने सरळ उत्तर दिले, प्रत्येक वेळी मी थांबले, आणि प्रत्येक वेळी खोलीत फक्त उकाडा होता. मी तिला बरी ठरवणारे गुण दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवशंकरांचा फोन आला.

“सोनकांबळे मॅडम, कालच्या बाईंना घरी कसं सोडलंत?”

“का? उत्तम आहेत त्या.”

“उत्तम? मरणाच्या प्रश्नाला काय म्हणाल्या, ऐकलं नाही का तुम्ही?”

मी ध्वनिमुद्रण लावले. माझा प्रश्न ऐकू आला. मग तारामतीचे ‘न्हाई, मॅडम.’ मग माझी शांतता. आणि त्या शांततेत, अगदी जवळून, तारामतीचाच आवाज. पण जड, ओला, शब्दाशब्दाला टेकणारा.

“हाव. येत्यात इचार. हात उचलत न्हाई. आडाकडं बघितलं की तेवढं बरं वाटतं.”

प्रत्येक प्रश्नानंतर तसेच होते.

मी आधी तिला फोन केला. मागे शिलाई मशीन चालू होते आणि ती मुलीला पाण्याच्या घागरीवरून रागावत होती. नवऱ्याशी, बजरंगशी, बोलले. घरी सारे ठीक होते. फायली तपासल्या, मुद्रणाचे यंत्र बदलले. पुढच्या भेटीला शिवशंकरांनाच नांदेडला बोलावून घेतले. ते माझ्या शेजारी बसले.

“सर, बाही उसवलीया तुमची,” तारामती त्यांना म्हणाली. “लातुरात शिंपी न्हाईत का?”

“आहेत. पण तुमच्यासारखं बघणारं कुणी नाही.”

मुलाखत झाली. ती बाहेर बजरंगजवळ जाऊन बसली. आम्ही दोघांनी वेगवेगळे गुण मांडले; ते जुळले. बाई बरी होती. मग शिवशंकरांनी मुद्रण लावले.

पहिल्याच ‘बरं हाय’नंतर तो आवाज आला.

त्यांनी बाहीची उसवलेली जागा चिमटीत घट्ट धरली. “मी इथंच बसलो होतो की,” ते म्हणाले. मग खालच्या आवाजात: “नियम स्पष्ट आहे, मॅडम. असं उत्तर नोंदलं गेलं की रुग्णाला अभ्यासातून काढायचं. हे औषध बंद, आणि भरती.”

“भरती झाली तर मुलगी जाते तिची. जिवंत बाई दाराबाहेर बसली आहे, शिवशंकर. तुम्ही स्वतः तपासलंत तिला.”

“आणि उद्या तिनं काही केलं तर? हे मुद्रण आपल्याजवळ होतं, असं सगळे म्हणतील.”

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. म्हणूनच मी तारामतीला आत बोलावले. जिच्या आयुष्याचा निकाल लागणार, तिने पुरावा ऐकायलाच हवा होता.

तिने मान किंचित कलती करून ऐकले. शेजारच्या घरातले भांडण ऐकावे तसे.

“मीच हाय की ही,” ती म्हणाली. “गेल्या सालची.”

“भीती वाटते?”

“भीती कशाची? लई दिवस एका चुलीवर काढल्यात आमी दोघींनी.” तिने यंत्राकडे बोट केले. “पर एक सांगा मॅडम. मी बरं हाय म्हणले की तुमी गप का बसून ऱ्हाता?”

मी समजावून सांगितले. लोक आधी रीतीचे उत्तर देतात. खरे नंतर येते.

“म्हंजे माझं बोलणं तुमी धरतच न्हाई.” तिचा आवाज चढला नाही. “तुमी जागा करून देता, म्हणून ती येऊन बसती. पहिलं उत्तर माझं हाय. तेच धरा. तिला इचारायचं असंल तर तिला येगळं बोलवा.”

शिवशंकर माझ्याकडे पाहू लागले. मी कूलर पुन्हा बंद केला.

त्या मुलाखतीत मी एकदाही थांबले नाही. तिचे उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न टाकला. तिनेही खालचा ओठ दाताखाली धरून, सुईत दोरा ओवावा तसे एकेक उत्तर दिले. मुद्रण ऐकले तेव्हा त्यावर फक्त तिचा आणि माझाच आवाज होता.

प्रत्यक्ष तपासणीवर माझा विश्वास आहे आणि जबाबदारी माझी, असे मी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला लेखी कळवले. आधीची मुद्रणेही सोबत जोडली. लपवण्यासारखे मी काही केले नव्हते. शिवशंकरांनी खाली सही केली. तारामतीचे औषध चालू राहिले. मुलगी लोह्याच्याच शाळेत गेली.

त्यानंतरच्या भेटीत ती निघताना दारापाशी वळली. यंत्र अजून चालू होते.

“आन् तुमचं कसं हाय, मॅडम?”

“बरं आहे,” मी म्हणाले.

ती क्षणभर उभी राहिली. पदर नीट केला. गेली.

संध्याकाळी लातूरला पाठवण्यापूर्वी मी मुद्रण शेवटपर्यंत ऐकले. तारामतीची उत्तरे स्वच्छ होती. मग तिचा प्रश्न. माझे ‘बरं आहे’. ती उभी राहिली तेवढी शांतता.

तिथे मी बोलत होते.

सावकाश, अतिशय दमलेल्या आवाजात. कधीपासून झोप नाही ते. घरी कुलूप उघडताना काय वाटते ते. पदर नीट करायला लागतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ मी बोलत होते.

माझा हात बटणाकडे गेला. मी तो मागे घेतला. खिडकीतून ऊन अजून टेबलावर पडलेले होते. मी ताठ बसले आणि त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटले, “पहिलं उत्तर माझं आहे.”

मुद्रणातला आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. ऐकण्यासाठी कोणी थांबावे, तसा.