मुक्यानं चालणारं इंजिन

“अहल्याताई, जमलं तर आत्ता या. परवा इंजिनाचा दुसरा गिअरबॉक्सही गेला. आणि हे म्हणतात, माझ्या कुंकवानं.”

फोनवर चिमणाबाई गुप्त्यांचा आवाज फार खाली गेला होता. अहल्याबाईंनी रिसीव्हर ठेवला. तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवून त्या थकल्या होत्या. गुडघे त्यांच्याहून जास्त. त्यात आज संकष्टीचा उपास. पण त्यांच्या दांडिया बाजार भागात कुणाची अंगठी हरवो की कुणाच्या लोणच्याला बुरशी येवो, बोलावणं त्यांनाच. त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

गुप्त्यांच्या टेबलावर आगगाडीचं हातभर लांबीचं इंजिन उताणं पडलं होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लक्ष्मीकांत गुप्त्यांनी तीन वर्षं खपून बनवलेलं. येत्या रविवारी रेल्वे वसाहतीतल्या प्रदर्शनात ते धावायचं होतं. आज गुरुवार.

“वीस तासही चाललं नाही, बाई,” लक्ष्मीकांत म्हणाले. “झाकण उघडलं तर ग्रीस लाल! दोन्ही वेळा हिनं नव्या गिअरबॉक्सला हळदकुंकू वाहिलं. नको नको म्हणत होतो.”

चिमणाबाई दारातच उभ्या होत्या. “दोन दिवस देवांना हात लावला नाही मी. ज्या हातानं वाटोळं होतं, त्यानं पूजा कसली करायची?”

देव्हाऱ्यातली समई कोरडी होती. अहल्याबाईंनी ते पाहिलं आणि भिंग काढलं.

“झिजलंय काय?”

“हा वर्म.” लक्ष्मीकांतांनी करंगळीएवढी पोलादी दांडी पुढे केली. तिच्यावर स्क्रूसारखे आटे होते. “हा फिरला की पितळी चाक फिरतं. आटे बघा, सुरीसारखे पातळ झालेत.”

“आणि चाक?”

“चाकाला फारसं काही नाही.”

“पोलाद झिजलं आणि पितळ शाबूत?”

“तेच तर कळत नाही.”

“चालताना आवाज करायचं?”

“छे! नवं असून पहिल्या दिवसापासून मुकं. ती जगदेवची कारागिरी. चाक तो कापतो. माझा वर्म घरी नेतो, जोडी जुळवून आणतो.”

तेवढ्यात जगदेवराव आलेच. रेल्वेच्या वर्कशॉपात लक्ष्मीकांतांशेजारच्या लेथवर त्यांची उमर गेली होती.

“चालो, पंचायत बसली वाटतं! जरा हात धुतो हं. संकष्टी ना, मंदिरातल्या समया घासून आलोय.”

हात धुऊनही त्यांच्या नखांत लालसर रेघ राहिली होती. लक्ष्मीकांतांनी चाक हातात दिलं. जगदेवरावांनी ते डोळ्यांशी नेलंच नाही. अंगठ्याचं नख दातांवरून फिरवलं.

“माझं चाक ठणठणीत आहे.”

चिमणाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांचा हात आधी कपाच्या पलीकडे गेला, मग मागे येऊन त्याला कपाचा कान सापडला.

“जोडी जुळवता म्हणजे काय करता?” अहल्याबाईंनी विचारलं.

“थोडी फिरवून बघतो.”

“कोरडी?”

“तेलात.”

“नुसत्या तेलात?”

जगदेवराव हसले. “बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.”

“तिथे फार उभं राहावं लागतं.” त्या चिमणाबाईंकडे वळल्या. “करंडा आणा. कुंकू घरचं ना?”

“हो. हळदीत चुन्याची निवळी घालून मीच करते.”

“आणि एक लिंबू.”

“सरबत करू? उपास आहे तुमचा.”

“करा. पण अर्धं लिंबू आधी मला द्या.”

त्यांनी लाल ग्रीस रॉकेलमध्ये धुतलं. तळाशी बसलेले कण एका बशीत घेतले, दुसऱ्या बशीत चिमूटभर कुंकू. दोन्हींवर लिंबू पिळलं.

कुंकू पिवळं पडलं. कण लालच राहिले.

मग त्यांनी ते कण काचेच्या दोन तुकड्यांमध्ये घासले. करकर आवाज झाला. काचेवर ओरखडे उमटले.

“कुंकवानं काच ओरखडत नाही, लक्ष्मीकांतराव. ही विटेची भुकटी आहे.”

अहल्याबाईंनी पितळी चाक उचललं.

“कडक कण मऊ पितळात रुततात. तिथे बसून पोलाद कापत राहतात. म्हणून चाक शाबूत आणि वर्म खलास. कितीही धुवा, सगळे निघत नाहीत. आता दुसरं. नव्यानं कापलेलं चाक थोडं तरी गुरगुरतं. हे पहिल्या दिवसापासून मुकं होतं, कारण तेलात विटेची भुकटी घालून ते वर्मावर घासून गुळगुळीत केलं होतं. वर्म ज्यांच्या घरी जातो, आणि देवळातल्या समयांसाठी ज्यांच्याकडे विटेची भुकटी असते, त्यांनी.”

“जगदेव?” लक्ष्मीकांत म्हणाले. “तुझ्या चाकाला घासायची गरजच काय?”

“दात खडबडीत येत होते,” अहल्याबाई हळूच म्हणाल्या. “त्यांना दिसत नाहीत.”

जगदेवरावांनी कप खाली ठेवला. “मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. तुला सांगितलं असतं तर तू दुसरा टर्नर बघितला असतास, लखू. हे इंजिन सुटलं की माझ्याकडे उरतं काय? भुकटी एवढी खाईल असं वाटलं नव्हतं.”

“आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?” चिमणाबाईंनी विचारलं.

“गप्प बसलो, वहिनी. त्याला मोतीबिंदूचं कारण नाही देता येणार.”

लक्ष्मीकांतांनी झिजलेला वर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “आज लेथवर मी बसतो. नख तुझं, डोळे माझे. गुरगुरलं तर गुरगुरू दे. आणि प्रदर्शन झालं की आधी डॉक्टर.” ते बायकोकडे वळले. करंडा त्यांनी तिच्यापुढे सरकवला. “नव्या चाकाला तूच लाव.”

“तुम्हीच लावा. चुकलात तुम्ही.” चिमणाबाईंनी तेलाची बुधली घेतली. “मला समई लावायचीय. दोन दिवसांची राहिलीय.”

सरबत करायचं त्या विसरूनच गेल्या. अहल्याबाईंनी आठवण करून दिली नाही. चंद्रोदयाला अजून पाच तास होते, आणि घर चालत गाठायचं होतं.