हितं हाय व्हय माझं नाव?

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, शपथेवर सांगतो. साल १९७४, चैत्र महिना, दौंडमधलं माझं बाइंडिंगचं दुकान. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी मी स्केचबुकं बांधली होती. फक्त एकवीस. सगळी हाताने शिवलेली आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर वेगळं, हाताने काढलेलं चित्र.

चित्रं कासुर्डीच्या अनसाबाईची. ती लग्नघरच्या भिंती रंगवायची. गेरू, चुना, काजळी, बस्स. तिचा पहिला मोर पाहून मी गारच झालो.

तिने एकच गोष्ट मागितली.

"दादा, भांड्यावर घालत्यात तसं माझं नाव घाला की आत."

मी हो म्हणालो. आणि पहिल्या पानावर लिहिलं : चित्रे व बांधणी, चांगदेव बाइंडर.

सांगताना आजही लाज वाटते. पुण्याच्या लोकांनी मला कलाकार म्हणावं, एवढाच मोह होता.

अनसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. खरबरीत बोट, गेरूने लाल झालेलं.

"हितं हाय व्हय माझं नाव?"

"व्हय मावशी," मी म्हणालो.

केवढी हसली ती!

वीस वह्या प्रदर्शनात विकल्या गेल्या. माझ्या गळ्यात हार पडला. एकविसावी मी दुकानातच ठेवली. पंधरा दिवसांनी निरोप आला, अनसाबाई तापाने गेली. मी मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत बसलो होतो. आणि...

खस्... खस्...

कागदावरून बोट फिरावं तसा आवाज.

कपाटात पाहिलं. वही मिटलेलीच होती. हात लावला तसा आवाज थांबला.

उघडली. माझ्या नावावर गेरूचा पट्टा होता...

ओला.

मग रोज दुपारी तेच. आठवड्याभरात माझं नाव पार पुसलं गेलं.

मी त्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं : चित्रे, अनसाबाई, कासुर्डी. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दुपारी पुन्हा... खस्... खस्...

तिचं नावही अर्धं पुसलं होतं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिला वाचता कुठं येत होतं? आता खरं लिहिलंय, हे तिला कळणार कसं?

बाकीच्या वीस वह्या कुणाच्या घरी आहेत, मला माहीत नाही. तिथेही दुपारी हा आवाज येत असेल का...

मी अजून रोज तिचं नाव नव्याने लिहितो. आवाज आला की मान खाली घालून म्हणतो, "व्हय मावशी, हितंच हाय."

बोट थांबतं...

आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून फिरायला लागतं.