चार मणांची दांडी

"अहो ताडमाड पाव्हणं! उभे काय राहिले? धरा की ते बारदान!"

ओरडले खरी, पण कोणावर ओरडले हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. चैतातला अवकाळी पाऊस टपटपायला लागला होता, खळ्यावर आमची हळद वाळत होती, आणि कुंपणापलीकडून हा अनोळखी माणूस चालला होता. चारचौघांच्या छातीएवढं कुंपण आमचं, ते याच्या कमरेला! एका ढांगेत अलीकडे आला. दोघांनी मिळून बारदानं पसरली. शेवटच्या टोकावर दगड ठेवायला गेलो, तर दोघांचे हात एकाच दगडावर... आणि तेवढ्यात मेला पाऊसच थांबला!

"उत्तमरावांचं घर कुठं आलं?" त्यानं विचारलं.

"काहून?"

"त्यांच्या पोरीला बघायला आलो. म्हंजे... आधी दांडी, मग पोरगी."

उत्तमराव म्हणजे माझे आबा. आणि ती पोरगी मीच, गोजर.

दांडीचं आधी सांगते. साल छत्तीसचं, राज्य निजामाचं, पण कुरुंद्यात आमच्या घराचा रिवाज निराळाच. बाभळीची एक दांडी, तिच्या दोन टोकांना दोरानं बांधलेली दोन-दोन मण हळदीची पोती. हनुमान जयंतीला मारुतीपुढं जो एकटा ती जमिनीवरून उचलून ताठ उभा राहील, त्यालाच पोरगी द्यायची. तीन वर्षांत पाच जण आले आणि कंबर धरून परत गेले. मी मनातल्या मनात खूष! मला कुठं जायचं होतं? आबा होते, खळं होतं, माझी म्हैस होती. छान चाललं होतं माझं.

"कशी हाय हो पोरगी?" तो विचारत होता.

"लांबुडी. अन् तोंडानं फटकळ."

"लांबुडी?" त्याचा चेहराच खुलला. "मग तर बरंच हाय. जल्मभर लोकांशी मान वाकवून बोलून राहिलो मी. आज पहिल्यांदा मान दुखून न्हाई राहिली."

"आज? आज कोणाशी बोलून राहिले तुमी?"

तो माझ्याकडे बघून हसला. मी पदर सावरायला लागले. पदर जागेवरच होता.

शिरड शहापूरचा सटवाजी त्याचं नाव. आबांना भेटला, जयंतीला येतो म्हणाला आणि गेला. मग चार दिवस मला काय झालं होतं, देव जाणे! आमटीत दोनदा मीठ पडलं. म्हशीला सोडून रेडकालाच पाणी दाखवलं. सकाळी हात जोडून म्हणायची, 'याला दांडी उचलू दे.' संध्याकाळी म्हणायची, 'नको रे बाबा, मला इथंच राहू दे.' मारुतीसुद्धा बुचकळ्यात पडला असेल.

जयंतीला सगळं गाव पारासमोर जमलं. प्रत्येकाला तीन खेपा. दांडी उचलून धरायची, आबा घंटेचे तीन टोल देणार, तोवर पाठ वाकली नाही की जिंकला. सटवाजी पुढं आला. बायकांच्या घोळक्यातून मी बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते.

"खाली बस! पार खाली!" आबा ओरडले. तालमीत ते सगळ्यांना असंच शिकवायचे. ठेंगण्या गड्यांना ते बराबर जमतही असेल. पण हा बसला तसे त्याचे लांबलचक गुडघे पुढं आले, दांडी पायांपासून हातभर लांब गेली, आणि पहिली खेप फसली.

दुसऱ्या खेपेला तो आणखी खाली बसला. पोती तसूभर उठली आणि दाणकन आपटली. लोक फिदीफिदी हसले. त्यानं कमरेला हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मला ठाऊक होतं ना त्याचं काय चुकत होतं! मीही त्याच्यासारखीच लांबुडी. ओल्या हळदीची पोती उचलून दोन वर्षं माझी कंबर मोडली होती, तेव्हा कुठं माझी मला रीत सापडली. पण बाईमाणसानं दांडीपाशी तोंड उघडायचं? आणि उघडलं, तर सगळ्या गावाला कळणार... गप्प बसले असते तर सुटले असते. गप्प बसवेना.

"कंबर वर घ्या!"

आवाज माझाच होता. सगळा पार वळून माझ्याकडे बघायला लागला.

"इतकं बसायचं न्हाई! दांडी नडगीला लावा. खांदे जरासे दांडीच्या पुढं येऊ द्या. पाठ ताठ... आता नुसता दोर ताणा. ताणला? आता हिसका देऊ नका, पायानं भुई दाबा अन् उभे राहा!"

तो उभा राहिला. सावकाश, दांडी मांड्यांना घासत... चार मण हळद हातात धरून सरळच्या सरळ!

"हे चालायचं न्हाई!" माझे चुलते उकंडराव उसळले. "पोरीनं सांगितलं म्हणून उचलली. ही खेप धरायची न्हाई!"

आबांच्या हातात घंटेची दोरी, पण घंटा काही वाजेना. ते एकदा उकंडरावांकडे बघत, एकदा माझ्याकडे. त्यांना काही सुधरत नव्हतं.

"ठरवा तुमी निवांत," दांडीमागून आवाज आला, "पर जरा तकलीफ होऊन राहिली!"

मला हसू आलं, रडूही आलं. काय करतेय ते कळायच्या आत मी बायकांतून बाहेर निघाले आणि आबांच्या हातातून दोरी घेतली.

"काका, खेप मी धरली," मी म्हणाले. "मला हाच पाहिजे."

एक टोल दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला मात्र हात अडकला... समोर आबा होते. ते माझ्याकडे बघत होते. दोरी सोडून द्यावी की काय असं झालं.

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"वाजव की गं," ते म्हणाले. "शिरडला ऐकू गेलं पाहिजे."