आलेच

वीज गेली तेव्हा काकांच्या दुकानात तिघंच होते. काका, त्यांचा पुतण्या आणि पुतण्याची बायको. दुकान किल्ल्यांचं. शटर अर्धं ओढलेलं. काकांनी काउंटरवर मेणबत्ती लावली आणि भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या सावल्या हलायला लागल्या.

पुतण्या आणि सून घर बघून आले होते. शहरातल्या गजबजलेल्या भागातला स्टुडिओ फ्लॅट. एकच खोली, तिच्यातच ओटा, कोपऱ्यात बाथरूम. उद्या होकार कळवायचा होता.

"रिकामं आहे ना?" काकांनी विचारलं.

"रिकामंच आहे. आधीचे कधीच गेले."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे दुसरीकडे राहायला गेले, काका. तुम्ही पण ना."

"नीट विचारून घेतलंस ते बरं केलंस. आमच्या चिमटीनं विचारलं नव्हतं."

"चिमटी कोण?" सूनबाईनं विचारलं.

काकांनी मेणबत्ती स्वतःकडे ओढली. मग सांगायला लागले. ऐकीव नाही, म्हणाले. चिमटीनं स्वतः सांगितलेलं, आणि शेवटचं तर माझ्या डोळ्यांदेखत.

चिमटी म्हणजे त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेली बाई. कुलपाच्या पोटातली बारीकातली बारीक स्प्रिंग बोटांच्या टोकांनी उचलायची म्हणून तिचं नाव चिमटी पडलं. काकांनी तिला दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकवल्या होत्या. एक, हत्यारांची कापडी गुंडाळी बांधताना नाडीला गाठ मारायची नाही. नाडी दोनदा गुंडाळायची आणि टोक आत खोचायचं. घाईत गाठ सोडत कोण बसणार? आणि दुसरी, कुणाचंही कुलूप असो, घर रिकामं आहे असं दहा जण सांगोत, तार आत घालायच्या आधी दार तीनदा वाजवायचं आणि थांबायचं. आतून आवाज आला तर हात मागे घ्यायचा. ज्याचं दार, त्यानं उघडायचं.

चिमटी तेव्हा बेचाळीसची. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपायची. टीव्ही बंद झाला की तिची रात्र सुरू व्हायची आणि दूधवाल्यानं बेल वाजवली की संपायची. त्यात भाच्याचं लग्न ठरलं. नव्या जोडप्याला खोली हवी होती. वहिनी तोंडावर काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं काय वन्सं, तुम्ही कुठलंही दार उघडाल."

चिमटी हसली आणि दुसऱ्या दिवसापासून घर शोधायला लागली. दुसऱ्यांची दारं उघडण्यात तिचा जन्म गेला होता. स्वतःचं दार आतून लावून शांत बसावं, एवढी एकच हौस बाकी होती.

सात-आठ घरं बघितल्यावर ती खोली सापडली. चौथा मजला. खाली रस्ता नुसता वाहता. सलून, कॉफीचं दुकान, मोबाइल दुरुस्ती, चपलांचे स्टॉल. खोली नऊ पावलं लांब, सहा पावलं रुंद. रस्त्याकडे एक मोठी खिडकी. चिमटी खिडकीत उभी राहिली ती हललीच नाही.

"एक मावशी होत्या, एकट्याच," एजंट म्हणाला. "त्या गेल्या, मग नातेवाइकांनी विकायला काढली."

चिमटीला वाटलं, गेल्या असतील लेकीकडे नाहीतर भावाकडे. तिला ते घर एवढं आवडलं होतं की जास्त विचारावंसं वाटलं नाही.

"आणि हे बाथरूमचं दार?"

"नवीन बसवलंय. लाकूड फुगलंय जरासं. सुताराला सांगितलंय. तोवर मजल्यावरचं सामायिक आहेच."

शुक्रवारी अकरा वाजता सही करायची ठरली. चिमटीनं एकच मागणं केलं. आदल्या रात्री तिथे झोपून बघायचं होतं. एवढ्या गोंगाटात डोळा लागतो का, ते कळायला हवं होतं. एजंटनं किल्ली दिली आणि म्हणाला, "कापूस घेऊन जा, ताई. कानात घालून उरला तर शेजाऱ्यांना द्या."

तो मार्चमधला गुरुवार होता. चोवीस तारीख. रात्री पावणेबाराला चिमटी चौथ्या मजल्यावर पोहोचली. खांद्यावर सतरंजी, हातात पाण्याची बाटली आणि सवयीनं बरोबर घेतलेली हत्यारांची गुंडाळी. किल्ली कुलपात घालण्याआधी तिची बोटं आपसूक दारावर गेली. टक, टक, टक. स्वतःच्याच घराचं दार वाजवतेय, असं म्हणून ती मनाशी हसली. खाली कुणीतरी मोटारसायकल तापवत होतं. त्या आवाजात कुठूनतरी बाईचा आवाज आला. "आलेच." शेजारच्या घरातला असेल, असं तिला वाटलं.

ती आत गेली. दिवा लागला. खोली जशी होती तशीच, स्वच्छ, रंगाच्या वासाची. तिनं खिडकीखाली सतरंजी पसरली आणि पडून गोंगाट ऐकत राहिली. गाणी, हसणं, शटरचा खडखडाट. तिला तो आवडायला लागला. माणसांच्या आवाजात निजायची सवयच होती तिला.

एक वाजता कॉफीचं दुकान बंद झालं. दीड वाजता शेवटची पोरं पांगली. दोनला रस्ता गप्प झाला आणि चिमटीची झोप उडाली.

बाथरूम बघितलेलं नाही, हे तिच्या मनातून जाईना. उद्या सही. नळ गळतो का, फरशी कुठे उतरते, न बघता सही कशी करायची? ती उठली. दाराला खांदा लावला. दार हललं नाही. पण फुगलेलं दार कसं अडतं ते तिला ठाऊक होतं. ते खाली नाहीतर वर घासतं. हे मधेच अडत होतं, छातीच्या उंचीवर, एकाच जागी.

तिनं मोबाइलचा उजेड फटीत धरला.

आत कडी लावलेली होती.

चिमटी जरा वेळ तशीच उभी राहिली. दार नवीन. खोली रिकामी. आतली कडी मग लावली कुणी? सुतारानं काहीतरी गडबड केली असणार. दार ओढताना कडी आपली आपण घसरली असेल. होतं असं. तिनं स्वतःची समजूत घातली, गुंडाळी फरशीवर पसरली आणि पातळ पोलादी पट्टी काढली. दोन मिनिटांचं काम होतं.

पट्टी फटीत घालण्याआधी तिनं दार वाजवलं.

टक. टक. टक.

"आलेच."

आवाज दारामागून आला. म्हाताऱ्या बाईचा, ओशाळलेला. पाहुण्याला ताटकळत ठेवल्यासारखा.

चिमटीचा हात मागे आला. तो वीस वर्षांच्या सवयीनं मागे आला. पाय उचलेनात. आतून आवाज आला तर थांबायचं... ती थांबली.

आत काहीतरी सरकलं. ओलं कापड फरशीवरून ओढावं तसं. थांबलं. पुन्हा सरकलं.

"आले हं..."

आता जवळ. पण खालून. चिमटीच्या गुडघ्याच्या उंचीवरून.

दारावर आतून तळवा टेकला. एकच. तो दार चाचपत वर येऊ लागला. हळू. घसरला. पुन्हा खालून सुरुवात. चिमटी नजरेनं त्या आवाजाबरोबर वर जात होती. गुडघा... मांडी... कंबर...

कडीपाशी आला.

कडी हलली. अर्धी सरकली.

थांबली.

दारापलीकडे कुणीतरी दम खात होतं.

"थांबलात ना?"

चिमटीची नजर फटीवरच होती.

"जाऊ नका हं. आलेच..."

कडी पुन्हा सरकली.

मग मात्र चिमटीचे पाय सुटले. सतरंजी नाही, बाटली नाही, फरशीवर उघडी पडलेली हत्यारं नाहीत. तिनं मोबाइल तेवढा मुठीत धरला आणि दार गाठलं. उंबऱ्यावर तिच्या तोंडातून दोन शब्द बाहेर पडले. कुणाच्याही घरातून निघताना आपल्या तोंडून निघतात तेच. जाते म्हणायचं नसतं, म्हणून आपण जे म्हणतो ते.

"येते हं."

आणि मागून, अगदी स्पष्ट...

"ये."

तिनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि चार मजले उतरली.

उरलेली रात्र तिनं सलूनच्या पायरीवर काढली. साडेसहाला सलूनवाला आला. पायरीवर बाई बघून दचकला, मग तिनं कुठून आली ते सांगितल्यावर आणखीच दचकला. तिला आत बसवलं, चहा मागवला. स्वतः मात्र उभाच राहिला.

"आधीच्या मावशी कुठे गेल्या?" चिमटीनं विचारलं.

"गेल्या म्हणजे... वारल्या, ताई. त्याच घरात. एजंटनं सांगितलं नाही?"

"सांगितलं. मला कळलं नाही."

सलूनवाला टॉवेलची घडी करत राहिला. झालेली घडी मोडून पुन्हा करत राहिला.

"रोज इथे पेपर वाचायला यायच्या. उजवा हात लुळा होता. पिशवीच्या नाडीला गाठ मारायची तर डाव्या हातानं आणि दातानं. मी म्हणायचो, द्या इकडे. तर म्हणायच्या, अजून दात शाबूत आहेत माझे. पुढच्या दोन दातांत फट होती. हसल्या की दिसायची." तो थांबला. "दोन दिवस आल्या नाहीत म्हणून मी वर गेलो. दार वाजवलं. आतून म्हणाल्या, आलेच. मी थांबलो जरा. पण खाली गिऱ्हाईक खुर्चीत बसवून गेलो होतो, अर्ध्या गालाला साबण. पुन्हा वाजवलं. पुन्हा आलेच. म्हटलं, बाई ठणठणीत आहेत. उतरलो खाली."

"मग?"

"संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मुलीनं वाजवलं. तिलाही तेच. पाणीवाल्यालाही तेच. बाथरूममध्ये पडल्या होत्या हो. आतून कडी, आणि उठता येत नव्हतं. सगळ्यांना आलेच म्हणाल्या, आणि सगळ्यांना वाटलं, येतायत. दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता."

"मदत करा असं नाही म्हणाल्या?"

"कुणाला त्रास द्यायचा स्वभावच नव्हता," सलूनवाला म्हणाला. "आणि आमचा थांबायचा नव्हता."

आठ वाजता चिमटीनं काकांना फोन केला. काका आले. दोघं वर गेले. दारापाशी काकांनीही बोटं उचलली, पण चिमटीनं त्यांचा हात धरला आणि किल्ली फिरवली.

खोलीत ऊन आलेलं. बाथरूमचं दार सताड उघडं. आत काही नाही. फरशी कोरडी, नळ कोरडा. काका आत जाऊन, वाकून सगळं बघून आले.

सतरंजीची नीट घडी घातलेली होती. घडीवर हत्यारांची गुंडाळी ठेवलेली. बांधलेली.

"रात्री आवरून गेलीस?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

काकांनी गुंडाळी उचलली. हातात धरून बघितली. नाडीच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"चल पोरी," शेवटी म्हणाले. "दुसरं घर बघू. मी एजंटशी बोलतो."

चिमटी खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली चपलांचे स्टॉल लागत होते. सलूनवाला दारात उभा राहून वर बघत होता. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"तिनं कुणाला काय केलं, काका? दार उघडायलाच तर येत होती. मीच पळाले."

"आणि आज रात्री पुन्हा आली तर?"

"मी येते म्हणून सांगितलंय तिला."

अकरा वाजता चिमटीनं सही केली. बाथरूमची कडी मात्र त्याच दुपारी स्क्रू काढून उतरवली आणि भोकं लांबी भरून बुजवली. अजून तिथेच राहते. तिचं दार कुणी वाजवलं तर आतून ती आवाज देत नाही. सरळ येऊन उघडते.

काकांचं सांगून झालं. मेणबत्ती बोटभर उरली होती. बाहेरून एक सायकल गेली, मग तिचाही आवाज थांबला.

"मग पुन्हा कधी काही..." सूनबाईनं हळूच विचारलं.

"मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही."

"काका, थापा मारू नका," पुतण्या म्हणाला. पण आवाज बारीक होता. "घर आवरून कोण गेलं असेल? एजंटच आला असेल सकाळी. दुसरी किल्ली असणार त्याच्याकडे."

"असेल," काका म्हणाले. "मलाही तसंच वाटायला हवं होतं."

ते उठले. मेणबत्ती घेऊन मागच्या भिंतीशी गेले. तिथे एका खिळ्याला जुनी कापडी गुंडाळी टांगलेली होती. चिमटीनं नवीन हत्यारं घेतली, ही इथे ठेवून गेली. सहा वर्षं झाली, कुणी सोडलेली नाही.

"खोचलेली नाही. बघा."

पुतण्या आणि सून पुढे वाकले. नाडीला गाठ होती. एक टोक घट्ट ओढलेलं. काकांनी मेणबत्ती आणखी जवळ धरली. त्या टोकावर बारीक खुणा उमटलेल्या होत्या, कापडात रुतलेल्या. दातांच्या. पुढच्या दोन दातांच्या.

आणि त्या दोन खुणांच्या मधे, फट.