पंपवाला

बोरी अरबच्या बाजाररस्त्यावर वामनरावांचं बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधाचं दुकान आहे. इकडं विषाला औषधच म्हणतात आणि कोणाला त्याची लाजही वाटत नाही. दुकानाच्या बाजूनं एक लोखंडी जिना वर जातो. वर वामनरावांच्या पोरानं, बंटीनं, गेमची खोली काढली होती. पाच कॉम्प्युटर, एक घरघरणारा कूलर आणि भिंतीला लावलेले निळे दिवे. दिवे कितीही लावा, खालचा उग्र वास फटीफटीतून वर यायचाच. बसणाऱ्या पोरांना आता तो येईनासा झाला होता. बादलला मात्र यायचा. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून यायचा.

बादल बंजारा तांड्यावरचा. आयटीआय झालेला, मोबाईल-कॉम्प्युटर उघडून नीट करणारा, देवदेवस्की न मानणारा पोरगा. त्याचा मोठा भाऊ गुलाबसिंग दोन वर्षांपूर्वी, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, वामनरावांकडे मजुरीला असताना त्यांच्याच वावरात मेला. तोंडाला औषधाचा वास होता, बाजूला बाटली पडली होती. वामनराव गावभर सांगत फिरले, "आमी बापलेक यवतमाळले गेलतो. वावरात काळं कुत्रं नव्हतं. पोट्टा स्वतःच प्याला, आता आमी काय करावं?"

झालं. मालक बोलला म्हणजे खरं. दवाखान्यानं मान हलवली, गावानं मान हलवली, तांड्यानंही हलवली. फक्त मानीबाईनं, गुलाबच्या आईनं, नाही हलवली. दारात येईल त्याला ती तांड्याच्या गोरबोलीत एकच विचारायची: माझा पोरगा प्याला होता का? तिला मोठं उत्तर नको होतं. त्या दिवशी तिथं असलेल्या एका माणसानं येऊन "नाही" म्हणावं, एवढंच. आणि तिथं तर म्हणे कोणीच नव्हतं.

बादलचा यावर विश्वास नव्हता. म्हणून सोनूनं विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला. सोनू त्याचा आयटीआयचा दोस्त. तो, अक्षय आणि शाम बंटीच्या टीममध्ये खेळायचे. यवतमाळला स्पर्धा होती, पाचवा गडी पाहिजे होता. बादलनं विचार केला, बंटी शुद्धीत खोटं बोलतो. खेळात चेव चढला की त्याच्या तोंडाला कुलूप नसतं. कधीतरी निसटेल.

"ये बे, बादल्या," बंटी खुर्चीतून न उठता म्हणाला. "आधी कॅरेक्टर शिकून घे. उगाच मंधात येऊन मरू नको."

खेळात पाचजण विरुद्ध पाचजण. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि समोरच्यांचा तळ ताब्यात घ्यायचा. पात्रांची नावं इंग्रजी, पण बोरीच्या पोरांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. बादलनं सराव करत एकेकाला पाहिलं. पहलवान म्हणजे हातात दाराएवढी ढाल आणि डोक्यात भुसा. पुढं चालत राहायचं आणि मार खायचा. डाक्टरीण बरी होती, पण तिला कोणी थँक्यू म्हणत नाही. सगळी टीम मेली की शिव्या मात्र तिला. शिकारी लांब माळ्यावर लपून बसतो आणि सगळ्यात जास्त बढाई मारतो. तो अर्थातच बंटीनं घेतलेला होता. नागीण दिसेनाशी होते आणि मागून डसते. बादलला ती मनापासून आवडली.

"नागीण शामची हाय," बंटी म्हणाला. "तू पंपवाला घे."

"काहून? त्याले तं कोणीच घेत नाही."

"म्हणूनच तं तुले देऊन राह्यलो. पाठीवर पंप टांगून चालायची तुमाले तांड्यावाल्यांले सवय हाय ना, लेका."

अक्षय फिदीफिदी हसला. बादलनं दात आवळले आणि पंपवाला निवडला.

पाठीवर टाकी, हातात नळी, डोक्याला आणि तोंडाला फडकं. हिरवा धूर सोडायचा आणि समोरच्यांना खोकवायचं. वारा फिरला की तोच धूर त्याच्या स्वतःच्या अंगावर येतो. तेवढं बनवणाऱ्यांनी बरोबर केलं होतं. बाकी गंमत केली होती. पंपवाला चालताना बदकासारखा डुलायचा, नळी तुंबली की टाकीवर बुक्की मारायचा, आणि मरताना गोल गिरकी घेऊन पाय वर करून पडायचा. पोरं खदखदून हसायची. कुठल्या तरी थंडगार खोलीत बसून कोणीतरी ही गिरकी तयार केली असेल, त्याचा पगार झाला असेल. विष पाठीवर घेतलेला माणूस मरताना गिरक्या घेत नाही, हे त्याला कोण सांगणार?

बादल सरावाच्या मैदानात गेला. धूर सोडला. दुसऱ्यांदा सोडताना नळी तुंबली.

पंपवाल्यानं बुक्की मारली नाही.

त्यानं उजवा हात वर नेला, डोक्याला बांधलेल्या फडक्यात कानाच्या वर बोटं घातली आणि काहीतरी चाचपलं. सापडलं नाही. पुन्हा चाचपलं. मग हात खाली आला, नळीचं टोक सोडवलं, फडकं सारून तोंडाला लावलं आणि फुंकलं.

बादलची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

गुलाब दुपट्ट्यात उजव्या कानावर बाभळीचा काटा खोचायचा. नळीच्या टोकाचं नोझल तुंबलं की काट्यानं मोकळं करायचं, तोंडानं फुंकायचं नाही. बाकीचे गडी बिनधास्त फुंकायचे आणि रात्रभर ओकायचे. "काटा इसरला तं वावरात जाऊ नये," तो म्हणायचा. बादलला त्यानं पंपाला हातही लावू दिला नव्हता.

"सोनू, तुह्या मशिनवर पंपवाला घे बरं," बादल म्हणाला.

सोनूनं घेतला. नळी तुंबली, पंपवाल्यानं टाकीवर बुक्की मारली. पुन्हा तुंबली, पुन्हा बुक्की. बादलनं फोनवर त्या पात्राचे व्हिडिओ काढून पाहिले. सगळीकडे बुक्की. मग त्यानं स्वतःचा खेळ पुसून नव्यानं भरला, तारा तपासल्या, दुसऱ्या नावानं आत गेला.

हात वर. चाचपणं. फुंकर.

"नवीन अपडेट असन," सोनू म्हणाला, पण जवळ येऊन पाहिलं आणि बादलकडे वळला. गुलाबचा काटा त्यानंही पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामन्यात बादलचा पंपवाला मेला. सगळे हसायला तयार होऊन त्याच्या पडद्याकडे वळले. गिरकी आली नाही. पंपवाला उकिडवा बसला, दोन्ही हात पोटावर घेतले आणि हळूच कुशीवर कलला.

"याचं बिघडलं वाटते," शाम म्हणाला.

बंटी एकटक पाहत होता. मग एकदम खेकसला, "पंपवाला नको! बादल्या, तू डाक्टरीण घे."

"तुमीच तं देल्ला, बंटीभाऊ."

"मी म्हणतो ना नको!"

पुढच्या डावाला बादलनं डाक्टरीण निवडली. सगळ्यांच्या देखत निवडली. मैदान उघडलं तेव्हा त्याच्या पडद्यावर पाठीवर टाकी घेतलेला माणूस उभा होता.

बंटी उठून गेला असता तर पुढचं घडलं नसतं कदाचित. पण मालकाच्या पोराला चार जणांदेखत भ्यालो असं कसं म्हणता येईल? त्यानं हेडफोन चढवला आणि ओरडला, "चला बे, खेळा!"

कूलरच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही, म्हणून एकाच खोलीत बसूनही सगळे माईकवर बोलायचे. बादल सोडून. त्याच्या हेडफोनच्या माईकची दांडी मोडलेली होती. मागं एकदा हरल्यावर बंटीनंच तो हेडफोन भिंतीवर फेकून मारला होता. नव्या गड्याला तोच मिळायचा. बादलला ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. तांड्यावरच्या पोराला नेमका तसाच हेडफोन मिळावा, यात नवल काय?

मैदान उघडं होतं. पवनचक्की, काटेरी कुंपण, समोर शत्रूचा तळ. बादलनं पुढं जायचं बटन दाबलं. पंपवाला हलला नाही. कुंपणावरचं निशाण फडफडलं आणि उलट्या दिशेला वळलं.

"मार पुढं," बंटीचा आवाज कानात आला.

बादलनं बटन दाबून धरलं. पंपवाला उभाच.

"वारा-गिरा काही नाही होत. मार."

अक्षय हसत म्हणाला, "कोणाले म्हणता, भाऊ?"

बंटीनं ऐकलं नाही. त्याची शिकाऱ्याची बंदूक पडद्यावर आभाळाकडे पाहत होती. "दोनच तासं राह्यली, तेवढी मारून घे," तो वैतागून म्हणाला. "मले घरी जायचं हाय."

"कोणती तासं?" शामनं विचारलं. खेळात कुठं कपाशी नव्हती. कपाशीच्या रांगा, तासं, तर नव्हत्याच.

पंपवाल्याचा हात वर गेला. कानाच्या वर. चाचपू लागला.

"काटा पडला तं पडला!" बंटी ओरडला. "एवढ्या वावरात आता काटा शोधत बसशीन? तोंडानं फुकून घे अन् चाल."

हात खाली आला. नळीचं टोक तोंडाला लागलं.

फुंकर.

पुन्हा फुंकर.

"जळजळते तं थुंक," बंटी म्हणाला. "नाटकं नको करू, गुलाब."

खोलीत कोणाचं बटन वाजलं नाही.

बादलनं हेडफोन काढला. दोन वर्षांचा राग शांतपणे चढला होता.

"बंटीभाऊ, कोणाशी बोलून राह्यले?"

"तुह्याशीच ना बे!" बंटी वळला. घामानं निथळत होता. "मघापासून कानात कुरकुर करून राह्यला. वारा फिरला म्हणतं, काटा पडला म्हणतं, तोंड जळते म्हणतं."

बादलनं हेडफोन उचलून त्याच्यासमोर धरला. मोडक्या दांडीची दोन नखाएवढी तार बाहेर आलेली होती.

"हा तुमीच तोडला होता."

बंटी त्या तारेकडे पाहत राहिला.

"तुमी यवतमाळले नव्हते. तुमी धुऱ्यावर, बांधावरच उभे होते. भाऊ थांबतो म्हणला अन् तुमी थांबू देल्लं नाही. मंग बाटली त्याच्या बाजूले आणून कोणं ठेवली? तुमी का तुमच्या बापानं?"

"कोण म्हणलं? मी काहीच म्हणलो नाही." बंटीनं बाकीच्यांकडे पाहिलं. "मी काही म्हणलो का बे?"

अक्षय पडद्याकडे वळला. "गेम हाय ना, भाऊ. गेममंधी माणूस काहीही बोलते." शामनं मान खाली घातली. हीच ती मान. गावाची मान. दोन वर्षांपूर्वीही अशीच हलली होती.

"माह्या याडीपाशी, मायपाशी चाला," बादल म्हणाला. "तिच्यासमोर एवढंच म्हणा, का तो प्याला नव्हता. मंग मी तुमच्या जिन्यावर पाय ठेवणार नाही."

"चाल निघ! भिकारचोट, तांड्यावर जाऊन मी कायले बोलू?"

"मी बोलतो," सोनू म्हणाला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. "मी आयकलं. काटा पडला, तोंडानं फुक. सगळ्याईनं आयकलं. बाकीचे भेकड हायेत तं असू द्या."

त्याच दुपारी सोनू तांड्यावर गेला आणि मानीबाईसमोर खाली बसून त्यानं ऐकलेला शब्दनशब्द सांगितला. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "काटा पडला होता?" सोनू हो म्हणाला. "मंग तो प्याला नव्हता," ती म्हणाली, आणि दोन वर्षं खुंटीला टांगलेला गुलाबचा दुपट्टा काढून तिनं मांडीवर घेतला.

पण तिथं असलेल्या माणसानं अजून म्हटलं नव्हतं. म्हणून सकाळी बादल आणि सोनू पुन्हा बाजारात गेले. बंटीला सगळ्या गावादेखत तांड्यावर यायला सांगायचं, आला नाही तर दुकानासमोर उभं राहून ओरडायचं, असं बादलनं ठरवलं होतं.

वरची खोली उघडी होती. आत कोणी नव्हतं, पण कॉम्प्युटर चालू होते. बादलला राहवलं नाही. तो आपल्या जागेवर बसला, सरावाचं मैदान उघडलं, पंपवाला घेतला. धूर सोडला. नळी तुंबली.

पंपवाल्यानं टाकीवर बुक्की मारली.

पुन्हा तुंबली. पुन्हा बुक्की. बादलनं त्याला स्वतःच्याच धुरात मरू दिलं. पंपवाल्यानं गोल गिरकी घेतली आणि पाय वर करून पडला.

"गेला," सोनू हळूच म्हणाला. "पण गेला कुठं?"

दोघं जिना उतरून खाली आले. फवारणीचे दिवस, दुकानाला गर्दी. बंटी गल्ल्यावर बसला होता. समोर एक म्हातारा बाटली दाखवून विचारत होता, "हे कितीक पाण्यात टाकावं, बाबू?"

बंटी उत्तर देत नव्हता. बादलकडेही त्यानं पाहिलं नाही.

त्याचा उजवा हात वर गेला होता. कानाच्या वर, केसांत, बोटं काहीतरी चाचपत होती. सापडलं नाही. पुन्हा चाचपलं. मग हात खाली आला, रिकामी चिमूट ओठांशी गेली, ओठ गोल झाले आणि बंटीनं हळूच फुंकर मारली.

"बाबू?" म्हातारा म्हणाला.

बंटीनं बाहीनं तोंड पुसलं. ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या. मग त्याचा हात परत वर जाऊ लागला.