यॉर्नची शेवटची पेटी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी फोल्कमार हेन्रिकेच्या घरी गेला, तो एक अर्धवट काम पुरं करायला. तिचा नवरा यॉर्न जाऊन तीन महिने झाले होते. फोल्कमार आणि यॉर्न, लाइपझिगमधले हे दोघे मित्र, वीस वर्षं घरच्या घरी सिंथेसायझरच्या, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या पेट्या बनवत आले होते. चालायच्या दोघांच्याही, पण वादक मागत त्या यॉर्नच्याच. आणि हेन्रिके यॉर्नला भेटली होती, तीही फोल्कमारच्याच ओळखीनं.

"या शेवटच्या पेटीत जॅक, पॉट, सगळं बसवून गेलाय तो," हेन्रिके म्हणाली. "नुसत्या तारा राहिल्यात. शनिवारी त्याच्या आठवणीत सगळे वादक ती वाजवणार आहेत. तुझ्याशिवाय कुणाला सांगू रे?"

"बघतो ना," तो म्हणाला आणि तळघरात उतरला.

खाली ओल्या भिंतींचा आणि जळक्या राळेचा वास होता. पेटीचा पत्रा त्यानं उलटा केला. वायरी खुपसायच्या जॅकची ओळ दोरी धरून आखल्यासारखी सरळ. मेला, तरी याचंच कौतुक!

मग त्यानं ते केलं. पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या फिरत्या बटणाच्या, कडेच्या दोन पायांवर तारा उलटसुलट जोडल्या. आवाज वाढवायला जावं तर तो कमी व्हावा. जॅकच्या अर्थिंगची तार डाख न देता नुसती टेकवली, म्हणजे भर मैफलीत खरखर. होऊ दे शोभा यॉर्नची; पेटी तर त्याचीच म्हणतील.

हेन्रिकेनं कॉफीला हाक मारली. सोल्डरिंग आयर्नचं बटण बंद करून तो वर गेला. दोघं समोरासमोर बसून केक खात होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

तो परत आला, तेव्हा तारा बरोबर जोडलेल्या होत्या. डाख मोत्यासारखे चमकत होते. त्यानं बोट लावलं... आणि चटकन मागे घेतलं. अजून गरम होते.

"यॉर्न?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

पाइपातून पाणी वाहिल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. भीतीपेक्षा संतापच जास्त होता त्याला. त्यानं तारा कापल्या, पुन्हा उलट्या जोडल्या आणि नजर न हलवता समोर बसून राहिला. पापणी लवली असेल, तेवढीच. पण चर्चची घंटा वाजली ती पाचची. त्याच्या हिशेबानं साडेतीनही झाले नव्हते.

तारा बरोबर होत्या.

तो पेटी घेऊन धडपडत वर आला. हेन्रिकेनं ती स्पीकरला जोडली, पॉट फिरवला. बोलण्याआधी कुणी घसा साफ करावा, तसा एक खोल सूर निघाला आणि हळूहळू चढत गेला. तिचे डोळे भरून आले. तिनं पेटी उलटी करून पाहिली.

"तारा अशा उलट्या बाजूनं का गुंडाळल्यास?"

"कशा?"

"यॉर्न गुंडाळायचा तशा. तो डावखुरा होता... तू नाहीस."

फोल्कमारनं डावा हात पाहिला. अंगठ्यावर भाजल्याचा ताजा फोड टरारला होता.

हेन्रिकेनं तो हात हातात घेतला. वीस वर्षं त्यानं याचीच वाट पाहिली होती. पण ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. हाताकडे बघत होती.

"किती गार पडलाय..." ती पुटपुटली.

हातानं तिची बोटं हलकेच दाबली. फोल्कमारनं दाबली नव्हती.