समासातली हिरवी पेन्सिल

चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाने सत्तेचाळिसाव्या वर्षी कादंबरी लिहिली, याचं दुकानाच्या मालकाला भारी कौतुक. येताजाता तो "काय लेखकसाहेब, कुठवर आली गाडी?" म्हणून छेडायचा. चष्मेवाला नुसता हसायचा. बऱ्याच ठिकाणचे नकार पचवल्यावर एका प्रकाशिकेने होकार दिला होता. आता थट्टासुद्धा गोड लागत होती.

कादंबरी आईवर होती. तो सहा वर्षांचा असताना ती एका सकाळी घर सोडून गेली, एवढंच बाबांनी सांगितलं होतं. बाकी सगळं त्याने मनाने रचलं: तिची पेटी, तिचं हळूच दार उघडणं, स्टेशनकडे जाणारा रस्ता. नाव व्हावं अशी हौस त्याला नव्हतीच. कुठल्याशा गावात पुस्तक तिच्या हाती पडेल आणि ती परत येईल, या एका वेड्या आशेवर बिचारा इतकी वर्षं खर्डेघाशी करत होता.

प्रुफं टपालाने घरी येत. तो कामावर असे. बाबा पाकीट घेऊन, फोडून मेजावर ठेवत. मोतीबिंदूमुळे त्यांना ताटातलंही धड दिसत नव्हतं, ऑपरेशनचं नाव काढलं की ते कानांवर हात ठेवत, पण टपाल फोडायचा मान काही सोडत नसत. घरात माणसं ही दोनच.

पहिल्या प्रुफाच्या समासात हिरव्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. अक्षर गोल, गिरवल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं होतंच. शिवाय 'मुलगा रडत होता' यावर काट मारून लिहिलं होतं, 'तापाने फणफणला होता. कपाळावर ओली घडी ठेवली होती.' वाचताना त्याच्या कपाळाला गार लागलं. मुद्रितशोधक भलताच आगाऊ दिसतोय, असं तो स्वतःशी पुटपुटला. पण दुरुस्ती इतकी खरी वाटली, की त्याने ती तशीच राहू दिली आणि पानं परत धाडली.

दुसऱ्या प्रुफात खुणा वाढल्या. 'पेटी नव्हती.' 'चपला दाराशीच होत्या.' आणि मुलाच्या झोपेच्या वर्णनाशेजारी, 'माझं बोट धरून झोपायचा.'

माझं. त्याने तो शब्द तीनदा वाचला. त्याला गलबलून आलं. मग त्याने प्रकाशिकेला फोन लावला.

"बाई, तुमचे मुद्रितशोधक कोण आहेत हो?"

"आमच्याकडे कुठले मुद्रितशोधक! प्रूफ लेखकानेच तपासायचं, ही आमची पद्धत. इथून एकही खूण न करता पाठवतो."

"मग या खुणा?"

"अहो, तुमच्याच ना त्या? अक्षर सुरेख आहे हं तुमचं. आमच्या टाइप करणाऱ्याला काही विचारावंच लागत नाही."

त्याने सगळे खण उपसले. हिरवी पेन्सिल घरात नव्हती.

तिसरं, शेवटचं प्रूफ येणार त्या दिवशी त्याने रजा टाकली. पाकीट दारात स्वतः घेतलं, स्वतः फोडलं. एकूण एक पान उलटून पाहिलं. सगळी स्वच्छ, नुकती छापलेली. ती मेजावर ठेवून तो चहा टाकायला गेला. भर दुपार होती. बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

तो दोन कप घेऊन परत आला.

शेवटच्या प्रकरणावर, आईच्या जाण्यावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हिरवी काट होती.

"बाबा, कुणी आलं होतं?"

"कोण येणार?"

त्याने पान उजेडात धरलं. समासात दोनच वाक्यं होती.

'दार उघडलंच नाही. मी घरातच आहे.'

त्याच्या डोळ्यांना धार लागली. ज्या एका वाचकासाठी त्याने पुस्तक लिहिलं, ती पहिल्या पानापासून वाचत होती.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला, "आई गेली तेव्हा दार कुणी उघडलं?"

"किती वेळा सांगू? गेली ती."

"दार कुणी उघडलं, बाबा?"

बाबांनी फक्त मान वळवली. ते पांढुरके डोळे दाराकडे गेलेच नाहीत; मधल्या खोलीच्या फरशीवर, कपाटाखालच्या एका जागी, बरोबर जाऊन थांबले.